इसाराचा नारळ

“घर घेवाचे आदी गोठा बघ गो बाय, मानसाची नियत तिथंच कलते,” मासळीवाली नीराबाई म्हणाली होती. “आम्हांला घर घ्यायचंय, गाय नव्हे,” म्हणत कॉलेजात शिकलेली प्रमिला हसली होती. आज काटकसरीनं साठवलेला पहिल्या घराचा इसार आणि नारळ घेऊन ती किहीमला आली, तेव्हा गोठ्याच्या दुर्गंधीनं कडेवरचं बाळ ओकलं. ती आत डोकावली. गाय नव्हतीच, आपल्याच घाणीत घरमालकाची आई दाव्यानं बांधलेली होती. “पाणी,” म्हातारी पुटपुटली. “भ्रमिष्ट आहे. व्यवहार झाला की देवळात सोडतो तिला,” पान चघळत मालक हसला, “आणा इसार.” प्रमिलेला शिसारी आली. तिनं इसाराचा नारळ उंबऱ्यावर फोडला, पाणी म्हातारीला पाजलं. दावं सोडू लागताच मालकानं प्रमिलेला बाहेर ढकललं. वाचकहो, किहीमला गेलात तर तेवढं त्या गोठ्यात डोकावून याल?