गुलाबी गोळी

"घरात डांबराच्या गोळ्या आहेत का? कपड्यांत ठेवतात त्या?"

डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा कलाबाई नातवाच्या कपड्यांची पिशवी पोटाशी धरून काचेच्या दाराबाहेर उभ्या होत्या. आत निळ्या उजेडाखाली बाळ निजलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. कावीळ आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता चढतच चालली होती.

"न्हाई वो बाई," कलाबाई ठामपणे म्हणाल्या. "डांबर गोळ्या आमच्या घरात शिरतबी न्हाईत. त्या वासानं माझं डोस्कं उठतं."

"नीट आठवा. बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतायत. काही बाळांना जन्मतःच असला वास सोसत नाही, तो नाकातून, कातडीतून रक्तात उतरतो. उजेडाखाली ठेवलं की जरा बरं असतं, दूध पाजायला बाहेर घेतलं की पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही, तर सगळं रक्त बदलावं लागेल."

"अन् त्यानंबी न्हाई भागलं तर?" हे बाकावरून गोजरबाईंनी विचारलं, सुनेच्या, मोनिकाच्या, आईनं. डॉक्टरीणबाई फाईल घेऊन पुढच्या बाळाकडे गेल्या.

डॉक्टरवर राग काढता येत नाही, विहिणीवर येतो. "पहिलं बाळंतपन माहेरी असतं, इहीनबाई," गोजरबाई म्हणाल्या. "तुमीच हटून बसला, तिसगावलाच हुईल म्हनून. आता बघा."

कलाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा मुलगा हर्षल रक्ताची सोय करायला नगरभर पळत होता. तो असता तर सासूला दोन शब्द बोलला असता, आणि त्यानं कुणाचंच भलं झालं नसतं.

सिस्टर दारातून डोकावली. "आजी, एक स्वच्छ दुपटं द्या. बाळाला पाजायला घ्यायचंय."

कलाबाईंनी पिशवीत हात घातला. दुपटी त्यांनी स्वतः शिवली होती. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, टोचतं. माणसानं वापरून वापरून मऊ केलेलं जुनं सुती लागतं. आणि त्यांच्या घरात सगळ्यांत मऊ, सगळ्यांत मानाचं कापड म्हणजे सासूबाईंनी धम्मदीक्षेला नेसलेलं पांढरं पातळ. कसर लागू नये म्हणून आयुष्यभर जपलेलं. नातवासाठी कलाबाईंनी ते मागचापुढचा विचार न करता फाडलं होतं.

घडीत बोटांना काहीतरी लागलं. गुलाबी गोळी. ट्रंकेत टाकायला तिसगावच्या बाजारात घेतलेली. पाकिटावर टपोरा गुलाब होता आणि खाली 'सुगंध' एवढाच शब्द. डांबर गोळी पांढरी असते, नाकाला झोंबते. ही गुलाबाची, म्हणून तर घेतली.

आणली तेव्हा बोराएवढी होती. आता हरभऱ्याएवढी उरली होती. मग बाकीची गेली कुठं?

कलाबाईंची मूठ आपोआप मिटली. कुणी पाहिलं नव्हतं. गोळी खिडकीतून फेकायची, दुपटी घरीच राहिली म्हणायचं, हर्षल दुकानातून नवी आणील. बाळही सुटेल आणि आपणही. माणसाचं मन मोठं बेरकी असतं, अंगाशी आलं की पळवाट बरोबर शोधतं. गोजरबाई हे जन्मभर उगाळतील. मोनिका पुन्हा आपल्या मांडीवर लेकरू देईल?

पण डॉक्टरीणबाईंना कळणार कसं? त्या अंधारातच चाचपडत राहतील आणि एवढ्याशा जिवाचं रक्त काढून दुसरं भरतील.

"आजी, देताय ना?"

"थांब!" कलाबाई एवढ्यानं ओरडल्या की गोजरबाई उठून उभ्याच राहिल्या. "ह्यातलं कायबी बाळाला लावू नगंस. बाईंना बोलीव आदी."

डॉक्टरीणबाई आल्या. कलाबाईंनी मूठ उघडली. बाईंनी गोळी नखानं खरवडली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"ही डांबराचीच वाटतेय, आजी. वरून गुलाबाचा वास आणि रंग दिलाय."

"पाकिटावर तसं लिवलं न्हवतं वो!" कलाबाईंना रडू फुटलं. "मला वाचता येतं. मी वाचूनच घेतलं हुतं."

"असं लिहीत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि भराभर कामाला लागल्या. पिशवी बाहेर, बाळाला इथलंच कापड, त्याच्या खालची चादरसुद्धा बदला. "रक्त हाताशी राहू द्या. पण आधी तपासणी करू. काय शोधायचं ते आता कळलं."

कलाबाई विहिणीच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. आता काय ऐकावं लागेल ते ऐकायची त्यांची तयारी होती. गोजरबाई जवळ आल्या.

"गुलाबाच्या व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या कपाटात मोगऱ्याच्या हायेत."

आत सिस्टर चादर काढत होती. मोनिका बाळाला घेऊन दारात आली. हळदीच्या रंगाचं तोंड, डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते.

"ऐकलंय मी सगळं," मोनिका म्हणाली. "धरा आत्या. माझे हात भरून आलेत."

कलाबाईंचे हात पुढे झाले. ते बाळाला लागणार इतक्यात त्या थबकल्या. त्यांनी पदर नाकाशी नेला. नगरला यायचं म्हणून सकाळीच ट्रंकेतून काढलेलं लुगडं होतं.

त्या मागे सरकत गेल्या, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईकडं दे. माझ्याबी अंगाला गुलाबाचा वास येतोय."