मोहिनीची बातमी

"काकू, एखादं जुनं लुगडं आहे का?" तेजश्रीनं कॅमेरा खाली घेत विचारलं. "हे फार नवं दिसतंय."

भामाबाईनं अंगावरच्या जांभळ्या इरकलीकडं पाहिलं. लेकीच्या बँकेतली माणसं येणार म्हणून तिनं ती मुद्दाम पेटीतून काढली होती. "जुनी हायत की. पण पाव्हण्यांम्होरं जुनं कावून नेसायचं?"

तेजश्री मुंबईहून थेट पाटोद्याजवळच्या या वस्तीवर आली होती. भामाबाईची लेक मोहिनी पुण्याला ज्या परदेशी बँकेत होती, तिथं कर्मचाऱ्यांपुरतं एक बातम्यांचं पान निघायचं. सकाळी संगणक उघडला की देशोदेशीच्या कचेऱ्यांत आधी तेच समोर यायचं. या आठवड्यात त्यावर मोहिनी येणार होती, आणि तिची बातमी तेजश्री करणार होती. मथळा लंडनहून ठरून आला होता: 'मेंढरांमागून बँकेत'.

"लहानपणीचं सांग ना," तेजश्री मोहिनीला म्हणाली. "चिमणीच्या उजेडात अभ्यास वगैरे."

"वीज होती आमच्याकडं."

"शाळा बुडायची?"

"पाटोद्याला मामाकडं राहून शिकले. मामी रोज बळंबळं दूध पाजायची. त्रास म्हणशील तर तेवढाच."

मेंढरांच्या वाघरीपाशी मोहिनीचा बाप बंकट उभा होता. जाळीच्या आत त्याची काळी मेंढरं दाटीनं बसली होती. तेजश्रीनं त्याच्याकडं मोर्चा वळवला. "काका, मुलीला शिकवताना फार हाल काढले असतील तुम्ही."

"हाल?" बंकटनं पटका सारखा केला. "ताई, एवढी मेंढरं ह्या शिवारात दुसऱ्या कुनाकडं न्हाईत. पोरगी हुशार निघाली, शिकली. आमी कशाला हाल काढावं?"

तेजश्रीनं मोहिनीला जरा बाजूला घेतलं. ती मनानं वाईट नव्हती. "हे बघ, मला कळतंय. पण लंडनला हेच हवंय. हे नसेल तर पान दुसऱ्या कुणाला देतील. आणि सोमवारी तुझी सिंगापूरची मुलाखत आहे. निवडणारी माणसं हे पान वाचतात."

ते खरं होतं. सिंगापूरच्या नव्या विभागाचं प्रमुखपद होतं ते. बाकीचे उमेदवार तिथल्या साहेबांबरोबर जेवलेले, हिंडलेले. मोहिनीला तिथं कुणी ओळखतही नव्हतं.

हे ऐकत बसलेली भामाबाई उठली. बोलणं सगळं कळलं नव्हतं, पण लेकीचं काहीतरी अडतंय एवढं तिला उमगलं. "असू दे. नेसते जुनं," म्हणत ती घराकडं वळली.

"माय, थांब," मोहिनी म्हणाली. "लुगडं बदलू नको."

मग तिनं तेजश्रीपुढं हात केला. "लंडनला फोन लाव. मी बोलते."

पलीकडं हेलन होती, पानाची संपादक. मोहिनीनं आधी तिची विचारपूस केली. मग म्हणाली, "माझ्या आईवडिलांचं चांगलं चाललंय, हेलन. त्यांना गरीब दाखवून माझी बातमी होणार नाही. मी काय काम करते, ते छापा."

"काय करतेस, ते सांग तर," हेलन म्हणाली.

मोहिनीनं सांगितलं. मार्चमध्ये एका कारखान्याचे पैसे चोरट्यांच्या खात्यात निघाले होते. कुणीतरी खोटी मेल पाठवून पैसे घेणाऱ्याचं खातं बदललं होतं. तपासणी करताना ते मोहिनीच्या ध्यानात आलं, पण रक्कम पोलंडमधल्या वॉर्साच्या कचेरीतून जात होती आणि ती थांबवणं त्याच कचेरीच्या हातात होतं. रीतसर वरून परवानगी मागवली असती तर पैसे गेलेच असते. वॉर्सात तिची एवा नावाची मैत्रीण होती. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. बँकेच्या आतल्या गप्पांच्या गटात दोघींची ओळख झाली होती, कधी कामाचं, कधी घरचं बोलणं व्हायचं. मोहिनीनं सरळ तिलाच फोन केला. एवानं जागच्या जागी रक्कम अडवली.

इंग्रजी भामाबाईला कळत नव्हतं. पण लेकीचा आवाज चढला नाही की पडला नाही, हे तिला कळत होतं.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," हेलन म्हणाली.

"कुणी विचारलं नव्हतं."

मग हेलन म्हणाली, "मथळा बदलते. एवाशीही बोलते. आणि फोटो?"

"फोटो आबा म्हणतील तसा."

बंकटनं जागा निवडायला वेळ घेतला नाही. नव्या घराच्या पायऱ्या त्याला फोटोला नको होत्या. तो वाघर उघडून मेंढरांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, एका हाताला इरकलीतली भामाबाई, दुसऱ्या हाताला मोहिनी.

"काका, जरा हसा की," तेजश्री म्हणाली.

"मालकानं उगं हासू न्हाई," बंकट म्हणाला. त्यावर तेजश्रीलाच हसू आलं, आणि तिनं फोटो काढला.

गुरुवारी पान निघालं. वर मोहिनीचं नि एवाचं नाव, खाली कारखान्याची हकीकत आणि तो फोटो. दुपारपर्यंत सिंगापूरच्या साहेबांचा निरोप आला: वॉर्साचं प्रकरण सोमवारी तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

अजून वस्तीवरच असलेल्या मोहिनीनं तो वाचून मोबाईल ठेवला आणि पुन्हा उचलला. फोटोखाली वेल्समधल्या कुणा ओवेननं लिहिलं होतं. तो बँकेच्या तिकडच्या कचेरीत होता, पण त्याचा बाप मेंढपाळ. ही काळी मेंढरं कुठल्या जातीची, लोकर कशी निघते, असं त्यानं विचारलं होतं.

तिनं ते आबांना मराठीत वाचून दाखवलं. बंकट मोबाईलकडं थोडं झुकला.

"सांगतो समदं," तो म्हणाला. "पर आदी त्याला इचार, तुमच्याकडं औंदा चारा कसा हाय."