डब्यातली साखर

नवऱ्यानं ऑफिसातून परत आणलेला डबा धुतलेला, लख्ख होता. तरी तळाशी वृंदाला आजही साखरेचे दाणे दिसलेच.

"अहो, खरं सांगा, दुपारी गोड काय खाता?"

"काही नाही गं! तू दिलेली भाकरी, मुगाची उसळ, काकडी. बास."

मधुमेह निघाल्यापासून डॉक्टरांनी त्याला साखर आणि तळण, दोन्ही बंद केलं होतं. वृंदा स्वतःची नोकरी सांभाळून पहाटे भाकऱ्या थापायची. डबा रोज चाटूनपुसून संपायचा, पण त्याचं पोट काही तसूभरही कमी होईना. पाणी कुठेतरी मुरत होतं.

धुसफुसतच ती शेजारच्या काकूंचं पातेलं परत द्यायला निघाली. कुणाचं भांडं रिकामं पाठवू नये, म्हणून सवयीनं तिनं त्यात चमचाभर साखर घातली. आणि तिचा हात थबकला.

ती तशीच बाहेर आली आणि पातेलं त्याच्या पुढ्यात आदळलं. "माझा डबा कोण खातं?"

त्यानं पातेल्यातल्या साखरेकडे पाहिलं. "मी तर रोज झटकून आणतो..." तो पुटपुटला.

"कोण खातं?"

"कॅन्टीनच्या मावशी. त्या मला गरम वडे देतात, मी त्यांना डबा देतो."

"का? त्यांना स्वतःचे वडे गोड लागत नाहीत?"

त्यानं मान खाली घातली.

"डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय त्यांना."