नदीपलीकडचा ताल

निरापद मंडलनं टेबलावर बोटांनी ताल धरला, तशी दारातली बुधरी हसायची थांबली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला. तिच्यासोबत नदीपलीकडून आलेल्या ढोलवाल्या लालसूनं पुढे होऊन निरापदच्या बोटांवर आपला पंजा ठेवला.

"हा नाई, बाबू."

पूर्व बंगालातून येऊन चामोर्शीजवळच्या कॅम्पात रुजलेल्या लोकांचं हे मिलन मंदिर, आणि निरापद त्याचा सेक्रेटरी. दर माघात कॅम्पाचं कीर्तन आणि नदीपलीकडच्या गोंडांचा रेला नाच इथे एकाच मांडवात व्हायचा. निरापद म्हणजे माया लावली तरी तराजूत घालून बघणारा माणूस. आपण त्यांच्या पोरांना खोल नावाचा मृदंग वाजवायला शिकवला, बायकांना तांदळाच्या पिठाची अल्पना काढायला शिकवली. पलीकडून काय आलं? एकदा मासे धरताना वाऱ्यावर ढोलाचा एक ताल त्याच्या कानी पडला होता. दोन ठोके, मग लांब थांबा. तेव्हापासून त्याच्या हिशेबी तेवढं येणं बाकी होतं.

"रेला म्हन, रातभर वाजवतो," लालसू म्हणाला. "तो मांगू नोको."

"काऊन? सोनं लागलं त्याले?"

निरापदची मराठी आता पुरती झाडीपट्टीची झाली होती. लालसूनं बुधरीला खूण केली आणि दोघं नदीच्या वाटेला लागली.

"ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या," घरी शेफाली म्हणाली. बायको नेहमी दुसऱ्याचीच बाजू घेते, हे निरापदचं जुनं मत. त्या माघात त्यानं पलीकडे आवतण धाडलंच नाही. शेफालीनं तरीही मांडवापासून नदीच्या वाटेपर्यंत अल्पना काढली. तिच्यावरून कोणी आलं नाही.

फाल्गुनात ताप शेफालीच्या डोक्यात गेला, आणि ती गेली. दुपारी तिला अंगणात तुळशीपाशी ठेवलं होतं. कीर्तन चालू होतं. एवढ्यात ओल्या धोतरानं लालसू आला, गळ्यात ढोल. मागे बुधरी, आणि पलीकडचं निम्मं गाव.

"आज कार्यक्रम नाई, लालसू," निरापद तुटकपणे म्हणाला.

"ठावं हाय."

बुधरीनं डोक्यावर पदर घेतला. दोन ठोके पडले. अंगणातलं कीर्तन आपोआप थांबलं. निरापदची बोटं सवयीनं मांडीवर उचलली गेली, आणि तशीच राहिली.

त्या लांब थांब्यात लालसू हळूच म्हणाला, "तू हा मांगत होता तवा, बाबू, तुया घरी समदे जित्ते होते."