खांबावरच्या सळया

मीटिंगच्या खोलीत ती भिंतीकडच्या खुर्चीत अडकून बसली होती. बाहेर पडायचं तर चौघांना उठवावं लागलं असतं. साहेबांनी पुलाच्या स्लॅबचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं.

"खांबावर स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो, जाड सळया वर हव्यात. इथे त्या खाली दाखवल्यात! काँक्रीट ओतायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो, नाहीतर स्लॅब तडकलाच असता. सहीत नुसतं आडनाव आहे. तुझीच ना?"

आडनाव बापलेकीचं एकच होतं.

"माझीच," ती म्हणाली.

"बाईसाहेब, तुमच्या बाबांनी याच ऑफिसात हयात घालवली, पण एक सळई इकडची तिकडे झाली नाही. आज ते असते तर कान उपटले असते तुझे. पुढच्या पुलावर तू नकोस."

"बरं." खरं सांगितलं असतं, तर बाबांची हयातभराची अब्रू वेशीला टांगली गेली असती.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी बाबांना घरचा रस्ताही आठवेना. त्यांची ड्रॉइंग्ज ती गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवायची. त्यांना पत्ता नाही, अशी तिची समजूत होती. मग दवाखान्यात एकदा त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"माझ्या चुका तू निस्तरतेस, कळतं गं मला. म्हणून हे शेवटचं ड्रॉइंग मीच नीट तपासून परस्पर देऊन टाकलं. तुला तेवढीच मदत, बाळा."