हिरवा ठिपका

मुकुंदरावांनी डॉकमधलं पत्त्यांच्या खेळाचं चित्र माउसने पकडलं, वर ओढलं आणि सोडून दिलं. चित्र गायब झालं. मग पडद्याच्या तळाशी असलेली ती चित्रांची सगळी पट्टीच त्यांनी डाव्या कडेला नेऊन ठेवली.

"पुन्हा बिघडवलं का जी?" स्वयंपाकघरातून आशालताबाईंनी विचारलं.

"हौ. बघू, आज येते का तो." मफलर गुंडाळून ते मोती तालाबाच्या फेरीला निघाले.

तो म्हणजे पियुष, त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी, खैरलांजीला पटवारी असताना, दिवाळीच्या सुटीत त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी प्रणाली बसवून दिली होती. खाली डॉक, त्यात चारच चित्रं: इंटरनेट, पत्रं, फोटो आणि पत्ते. वर उजव्या कोपऱ्यात ट्रे. तिथे वायफाय, आवाज आणि एक हिरवा ठिपका.

"काही अडलं तर मी कुठूनही याच्यातून आत येईन अन् नीट करून देईन," ठिपक्यावर बोट ठेवून तो म्हणाला होता.

दुसऱ्याच दिवशी भांडण झालं. पियुषने वडिलांना न विचारता राजीनामा दिला होता. इंदूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत चालला होता. मुकुंदरावांचं सगळं आयुष्य बिरसा गावी वनखात्यात गेलेलं. सरकारी नोकरी कोणी सोडतं, हेच त्यांना समजेना.

"मंग तुले या घरात काही काम नाही," ते म्हणाले.

पियुषने बॅग उचलली. त्यानंतर बापलेकांचं बोलणं नाही.

महिन्याभरात मुकुंदरावांच्या हातून चुकून ट्रे दिसेनासा झाला. आशालताबाई म्हणाल्या, "त्याले फोन लावा न." त्यांनी लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी फिरून आले तर ट्रे जागच्या जागी. हिरवा ठिपकाही.

ते उभेच राहिले. "आशा, पियुष येऊन गेला!"

"आला असन," पदराने पडदा पुसत त्या म्हणाल्या. "लेकच हाय."

धूळ पुसण्यापलीकडे आशालताबाईंचा कॉम्प्युटरशी संबंध नव्हता. माउस धरायचंही त्यांना भेव वाटायचं.

तेव्हापासून मुकुंदराव मुद्दाम बिघडवू लागले. कधी डॉक हलवायचा, कधी चित्रं काढून टाकायची, कधी ट्रे लपवायचा. फिरून आले की सगळं पूर्ववत. कधी दोन दिवस लागायचे. "काम असन त्याले," ते म्हणायचे. एकदा पत्ते शेवटच्या जागेवरून पहिल्या जागी आले होते. एकदा तर सगळी चित्रंच मोठी झाली.

"माह्या मोतीबिंदूचं त्याले कसं समजलं?"

"लेकाले समजते," आशालताबाई म्हणाल्या.

मुकुंदराव कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

पावसाळ्यात एकदा चार दिवस काहीच झालं नाही. त्याच आठवड्यात आशालताबाई तापाने पडून होत्या. घरात दोन काळज्या. मुकुंदरावांना घास जाईना. पाचव्या दिवशी डॉक खाली आला, तेव्हा ते चौकात जाऊन पावभर जिलेबी घेऊन आले.

जिलेबी खाता खाता आशालताबाई म्हणाल्या, "आता तुमीच एकदा फोन लावा न जी त्याले."

"काहून? तो येते न घरी. बोलाची काय गरज?"

आशालताबाईंनी हातातला तुकडा परत बशीत ठेवला.

फाल्गुनात आशालताबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पियुष आला. त्याने अग्नी दिला, तेरा दिवस घरातल्या माणसासारखा वावरला. बापलेक बोलले ते सामानाबद्दल आणि पाहुण्यांबद्दल.

चौदाव्या दिवशी त्याची दुपारची बस होती. मुकुंदरावांनी कॉम्प्युटर लावला. डॉक डाव्या कडेला होता, ट्रे दिसत नव्हता.

"बघ बरं," ते हळूच म्हणाले. "पुन्हा बिघडलं."

पियुष खुर्चीवर बसला. अर्ध्या मिनिटात सगळं नीट झालं. मुकुंदरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तिथूनबी असंच करत होता न रे तू? म्या कधी म्हटलं नाही तुले. पण तुह्या त्या येण्यावरच जगलो मी. तुही आईबी."

पियुषने वळून पाहिलं. "कोणतं येणं, बाबा?"

"हेच. या ठिपक्यातून."

"हा ठिपका तर नुसता इथला प्रोग्राम चालू हाय म्हणून हिरवा दिसते. माझ्याकडचा प्रोग्राम मी इंदूरले पोचलो त्याच दिवशी काढून टाकला. रागात होतो. एकदाबी आलो नाही मी."

मुकुंदरावांचा हात खांद्यावर तसाच राहिला.

"मंग डॉक? ट्रे? कोण करत होतं?"

पियुषने माउसवरचा हात काढून घेतला.

"तुम्ही फिराले गेले का आईचा फोन येत होता मले. पट्टी खाली कशी आणू, चित्रं मोठी कशी करू. माउस नीट धराले तिले महिना लागला," तो म्हणाला. "मले वाटलं, आई कॉम्प्युटर शिकून राह्यली."