गार पिशवी

"तुम्ही मला काही सांगू नका, बाई. मी विचारतच नाहीये," म्हातारी म्हणाली आणि तिने औषधं गार ठेवायची एक निळी पिशवी टेबलावर ठेवली.

देसांकाने घेवड्याच्या सूपमधला डाव काही खाली ठेवला नाही. सर्बियातल्या निश शहरातल्या या मोफत जेवणघरात ती पगार न घेता वाढायची. मारकुट्या नवऱ्यांना सोडून आलेल्या बायका ज्या फ्लॅटमध्ये लपवलेल्या असत, तिथे संध्याकाळी डबाही तीच पोचवायची. चौकशीला आलेले नवरे, दीर, वकील तिने पुष्कळ पाहिले होते. कुणालाच तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"तुम्ही म्हणता तशी कुणी इथं नाही," ती म्हणाली.

"नसू दे. पण माझ्या तियानाला लहानपणापासून शुगर आहे. जीव घेऊन पळाली, इन्शुलिन घरातच राहिलं." म्हातारीच्या हनुवटीवर मोठा तीळ होता. बोलताना तो थरथरत होता. "आईचा जीव आहे, बाई. कुणी असेल तर द्या, नसेल तर फेका. फक्त मधे उघडू नका, गार राहायला हवं."

ती मागे वळूनही न बघता निघून गेली.

देसांकाला एकदम आठवलं. कालच फ्लॅटमधल्या तियानाने अक्रोडाचा केक परत पाठवला होता. पाणी मात्र घटाघटा पीत होती. पण कुणाला काय आजार आहे, हे फक्त नर्स ल्युबिंकाला ठाऊक असे. डबे नेणाऱ्यांनी ते विचारायचंही नाही, असा नियमच होता. तरी देसांकाने फोन लावला.

"तियानाला शुगर आहे का गं?"

ल्युबिंका म्हणाली, "नियम आता मी तुला शिकवू? माझ्या सख्ख्या आईने विचारलं तरी सांगणार नाही."

"एवढंच सांग..."

"मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पेशंट बसलाय समोर. ठेव."

देसांकाने फोन ठेवला. शुगर नसती तर ती सरळ नाही म्हणाली असती, तिने मनाशी म्हटलं. ल्युबिंकाचं तोंड घट्ट, पण देसांका काही कुक्कुलं बाळ नव्हती.

अंधार पडायच्या आत ती निघाली. डब्याखाली पिशवी ठेवली. मध्येच उतरून दुसरी बस धरली. बेकरीत पुढच्या दाराने शिरली, मागच्या दाराने बाहेर पडली. इमारतीच्या कोपऱ्यावर बूट बांधायचं निमित्त करून बराच वेळ रस्ता न्याहाळला. मागे चिटपाखरू नव्हतं. लिफ्ट फार करकरते, शेजारी डोकावतात, म्हणून नेहमीप्रमाणे ती जिन्याने सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली.

तियानाने साखळी काढून दार उघडलं.

"घे पोरी. अगोदर सुई टोच, मग जेव," देसांका धापा टाकत म्हणाली. आपण वेळेवर पोचलो, या विचाराने तिला हायसं वाटलं होतं.

"कसली सुई, मावशी?"

"माझ्यापासून कशाला लपवतेस? इन्शुलिन. तुझी आई देऊन गेली."

तियाना पिशवीला हात न लावता बघत राहिली. "आई मी शाळेत असतानाच वारली," ती हळू म्हणाली. "आणि मला शुगर नाही. कधीच नव्हती."

"मग ती..."

"हनुवटीवर तीळ होता?"

देसांकाने मान डोलावली.

"सासू."

देसांकाने पिशवीची चेन ओढली. वर बर्फाचे खडे होते. खाली प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला एक चालू मोबाइल होता.

तळमजल्यावर लिफ्टचं दार आपटलं, आणि ती करकरत वर यायला लागली.